लाखेच्या सीलमधला आबाजी

पहिलेच सांगून ठेवतो. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता. अन् काहून असन? भूत म्हणजे माह्या धंद्यातला माल आहे ना भाऊ! मी मिमिक्री करतो. मोर्शीचा पोट्टा, अमरावतीत खोली करून राहतो. लग्न, गणपती, शाळेचं गॅदरिंग, जिथं माईक तिथं पप्या. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या एका चॅनलले आवाजही पुरवतो... एक मुंजा, दोन टाइपच्या हडळी, अन् एक कुत्रं, जे खरं कुत्रं आहे का अजून काही, हे शेवटपर्यंत समजत नाही. आता सांगा, हलवायाले कधी जिलबीचं नवल वाटते का?

तं इथं जे लिहून राहिलो ते हसवासाठी नाही. हसले तं हसा, मले सवय आहे. पण पुरं वाचजा.

मिमिक्रीवाल्याच्या पोतडीतला हरेक आवाज कोणाचा ना कोणाचा उचललेला असते. माह्या पोतडीत आमचे गणिताचे सर आहेत, बसस्टँडवरचा कंट्रोलर आहे, एक मेव्हणा आहे. मालक कोण, हे मले प्रत्येकाचं सांगता येते. फक्त एकाचं नाही... आबाजीचं.

आबाजी आला तो मी आठवीत असताना. गॅदरिंगमध्ये नाटकाचं धोतर-मिशी लावून उभा होतो, तं सर म्हणले, "पप्या, एखादा म्हातारा कर." मी माईकपुढं गेलो, तोंड उघडलं, अन् आतून निघालं, "अल्लो... अल्लो सायब..." जाड, ओला आवाज. खालच्या ओठात तंबाखू दाबल्यासारखा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास आत ओढणार. अन् डावा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडं गेला, काहीतरी चाचपाले. पोट्टे हसून हसून लोटपोट! मी खूश.

आई मात्र हसली नाही. घरी आल्यावर म्हणे, "कोनाचा होय रे तो आवाज?"

"कोनाचा नाही. बनवला."

"बनवलेला आवाज असा नसते, बापू. तो बुढा लय दमला होता."

दुसरी एक गोष्ट मी तेव्हा कोणाले सांगितली नाही. आबाजी येयाच्या आधी माह्या पायाले गार लागे. घोट्यापर्यंत. जसं कोणी पाण्यात उभं केलं. मले वाटलं, स्टेजची भीती असन. पण बाकीच्या आवाजायले असं कधीच झालं नाही.

पुढं आबाजी माझा हिट आयटम झाला. म्हातारा फोनवर कोण्या सायबाशी बोलते अन् सायब काही ऐकत नाही, एवढंच. "हो सायब. नाही सायब. लेखी? आता लेखी कोठून आनू सायब, मले तं सईबी येत नाही! मांडव वाहून जाईन म्हनता? मांडव गेला तं दुसरा बांधता येते ना सायब..." लग्नात 'मांडव' म्हणलं का पब्लिक फुटे. मग खिसा चाचपून, "पोट्टे, जाय बरं, तंबाखू सरला..." अन् तिथं मी सलाम ठोकून निघे. हे डायलॉग मी लिहिले नव्हते. ते येत. तेव्हा मले वाटे, वा रे पप्या, तुझं डोकं म्हणजे फॅक्टरी आहे!

आता अकोला. उन्हाळ्यातलं लग्न, बायपासजवळचं मंगल कार्यालय, भर दुपार. कूलर नुसतेच ओरडून राहिले होते. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा माझा दोस्त बंटी मोबाईलवर शूटिंग करून राहिला होता. मी आबाजी लावला. पब्लिक हसून राहिलं अन् त्या हसण्याच्या मधात एक बाई उभी झाली. पन्नाशीच्या आतली, हातात मोगऱ्याचे गजरे. हार-फुलं घेऊन आलेली होती. तिचं तोंड पाहून माझा सूर हलला. असं तोंड मी कोणाच्या मातीले गेलो का त्या घरात पाहिलं होतं.

आयटम झाला. मी मांडवामागं मठ्ठा पिऊन राहिलो होतो, तं ती आली.

"काहून रे पोट्ट्या, तो बुढा कोन होय?"

"कोनी नाही मावशी. असाच."

"असाच?" तिनं माह्या शर्टाचा खिसा धरला, हाच, डावा. "तो माहा बाप होय."

मी हसलो. सवय ना! "मावशी, बुढे सारे सारखेच बोलतात."

"'अल्लो' म्हने तो. हॅलो नाही, अल्लो. अन् बोलनं झालं का दम आत ओढे. तुले कोनं शिकवलं? तू तं जन्मलाबी नसशीन."

बंटी मधात पडला, "अवं मावशी, हा दिवसभर कोनाचेबी आवाज काढते. काल कुकरचा काढला."

ती त्याच्याकडं वळलीबी नाही. माह्याकडंच पाहून राहिली होती. मग खाली बसली अन् सांगितलं.

सुमनमावशी तिचं नाव. माळ्याच्या घरची, सासर अकोल्याले, माहेर चांदूर बाजारकडलं. तिचा बाप एका लहान धरणावर चौकीदार होता. धरणाचं नाव मी लिहत नाही. एका पावसाळ्यात ते फुटलं. खालची नदीकाठची वस्ती गेली, मावशीचा बापही गेला. चौकशी झाली. सरकारनं सांगितलं, चौकीदार दारू पिऊन झोपला, दरवाजे उघडलेच नाहीत. बस. चौकशीचे कागद अन् त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये टेप झालेला फोन, सारं एका थैलीत टाकून लाखेचं सील मारलं. गोपनीय. काहून? तं म्हणे धरणाच्या सुरक्षेची माहिती आहे त्यात.

"धरन तं राहिलंच नाही," मावशी म्हणे, "मंग सुरक्षा कोनाची? बापाले पान्यानं नेलं, नाव मातर मांगं राहिलं. माह्या लग्नात वऱ्हाडी बोलले, गाव बुडव्याची पोट्टी. माह्या पोराले शायेत बोलले. माहा बाप दारूले शिवत नव्हता रे. तंबाखू तेवढा खाये."

माहितीचा अर्ज केला, नकार. अपील, नकार. शेवटी ती नागपूरले हायकोर्टात गेली. अन् हायकोर्टानं तेवढ्यातच सांगितलं होतं की अमरावतीच्या एका न्यायाधीश मॅडमनं थैली बंद खोलीत उघडावी, टेप स्वतः ऐकावी, अन् त्यात खरंच गोपनीय काय आहे ते ठरवावं. थैली अजून उघडायची होती.

"त्या दिवशी मी भाकर घेऊन गेली होती धरनावर," ती हळूच म्हणे. "लहान होती. तो म्हने, पोट्टे, जाय बरं, तंबाखू सरला, घेऊन ये. मी गावात गेली. खाली पुलाच्या उद्घाटनाचा मांडव टाकून राहिले होते, तो पाहात उभी राहिली. उशीर झाला. वापस गेली तं धरन नव्हतं. तो माही वाट पाहात थांबला असन. नाही तं पयाला असता."

मठ्ठ्याचा गिलास माह्या हातात तसाच. 'मांडव' मी आजवर लग्नाचा समजत होतो, अन् 'पोट्टे, जाय बरं' तर माह्याच आयटमचा शेवट! भर अकोल्याच्या उन्हात माह्या पायाले गार लागलं... अन् तेव्हा मी स्टेजवर नव्हतो.

त्या दिवसापासून मी आबाजी बंद केला. पण बंटीनं तोवर रील टाकून दिली होती. लोकायले आवडली. काढून टाक म्हणलं तं म्हणे, "येडा झाला का बे? पहिल्यांदा काही चाललं आपलं!"

दिवाळीनंतर मावशीच्या वकिलाचा फोन. "पप्या, तू मेला. अन् आम्हालेही घेऊन मेला."

झालं असं, की मॅडमनं थैली उघडली. टेप ऐकली. सरकारी वकीलही समोर होते, बाहेर बोलणार नाही असं लिहून देऊन बसले होते. अन् काही दिवसांनी त्यायच्या पुतण्यानं त्यायले एक कॉमेडी रील पाठवली. कोण्या पप्याची. रीलमध्ये टेपमधले शब्द. तेच, त्याच क्रमानं, त्याच आवाजात.

त्यायनं अर्ज टाकला, सीलबंद नोंद फुटली आहे, अर्जदार बाईनं फोडली आहे, जिले कोर्टाचा आदर नाही तिले नोंद देऊ नये, थैली पुन्हा सील करावी. म्हणजे मावशीनं साऱ्या जिंदगीत जे मागितलं ते दारापर्यंत आलं होतं, अन् आता माह्या तोंडामुळं वापस चाललं होतं.

मले बोलावलं. आईनं कापडी पिशवीत काहीतरी टाकून दिलं, "मॅडमले दाखवजो." मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसली होती. मले पाहून एवढंच म्हणे, "खरं सांगजो, बेटा. उलटं पडलं तरी चालन." मले तिनं शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

आत मॅडमची खोली. सकाळची वेळ, उजेड चांगला. टेबलामागं मॅडम, बाजूले टाईप करणाऱ्या एक ताई, सरकारी वकील, मी. खुर्चीजवळ खाली एका स्टुलावर ती थैली. मळकं कापड, तुटलेली लाल लाख. मी आजवर ज्याचा आवाज काढून टाळ्या घेतल्या तो त्या थैलीत होता.

"हे तुम्ही कुठं ऐकलंत?" मॅडमचा आवाज बारीक, शांत. माह्या डोक्यानं सवयीनं तो उचलायले सुरुवात केली, मी गपकन बंद केलं.

"ऐकलं नाही मॅडम. येते."

"काय येतं?"

"आबाजी. म्हणजे... तो."

सरकारी वकील हसले. "मॅडम, हा नाटक करतोय."

"तो त्याचा व्यवसायच आहे," मॅडम म्हणाल्या. "करू दे. दाखवा करून."

मी उभा राहिलो. तोंड उघडायच्या आधीच पाय गार पडले. "अल्लो... अल्लो सायब..."

आयटमएवढा आयटम झाला. लेखी, सई, मांडव. इथं कोणी हसलं नाही. "पोट्टे, जाय बरं, तंबाखू सरला" झालं. इथं मी थांबतो. नेहमी इथंच थांबतो. थांबायले गेलो...

अन् थांबताच आलं नाही.

माझं तोंड चालूच. जीभ माझी, गळा माझा, पण मी आत कुठंतरी मागच्या रांगेत बसून ऐकून राहिलो होतो. "सायब, फोन ठेवू नका. पानी भिंतीच्या वर आलं. माह्या पायाले लागलं..." गार आता घोट्याच्या वर चढून राहिलं होतं. मी खाली पाहिलं. फरशी कोरडी ठक्क. पण टाईपवाल्या ताईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते. त्यायले स्वतःले समजलं नव्हतं. सरकारी वकिलायनं पँट वर धरली होती. अन् मॅडमनं, ज्या मुलखाच्या शांत होत्या त्या मॅडमनं, खाली वाकून स्टुलावरची थैली उचलली अन् टेबलावर, उंच, कागदांच्या ढिगावर ठेवली.

"पोट्टी? नाही सायब, तिले धाडलं. तंबाखू तं माह्या खिशातच हाय. तिले इथून काढाचं होतं. मांडव पाहाले थांबन ते. थांबू द्या. तिले इकडं येऊ देऊ नका..." मग तो आत ओढलेला दम. लय लांब. "सायब, मी दरवाजा उघडून राहिलो. लेखी मंग घेजा."

मग काही नाही. मी खुर्चीत पडलो. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊन राहिला होता. म्हणजे मधात तो ऐकूच येत नव्हता, हे तेव्हा समजलं.

"टाइप केलंत?" मॅडम.

"नाही मॅडम," ताई म्हणाल्या. त्यायचे हात मांडीवर होते. पाय अजून वरच.

मॅडमनं पाण्याचा गिलास माह्याकडं सरकवला. मी पाण्याले हात लावला नाही. मग त्या सरकारी वकिलाकडं वळल्या. "सील मी तुमच्यासमोर तोडलं. अखंड होतं, अशी सही तुमचीच आहे. व्हिडिओ त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला."

मी आईची पिशवी पुढं केली. त्यात आठवीच्या गॅदरिंगची सीडी होती. मॅडमनं ती तिथंच लावून पाहिली. ढगळ धोतर, चिकटवलेली मिशी, अन् "अल्लो सायब". दुसरा कोणता दिवस असता तं मले लाज वाटली असती.

"आणि शेवटचं," मॅडम म्हणाल्या, "तंबाखूच्या निरोपानंतर टेपवर नुसती खरखर आहे. तो भाग खराब झालाय. हे तुम्हीही ऐकलंत. मग मला सांगा, जे टेपवर नाहीच, ते फुटलं कुठून?"

पँटची घडी सोडून दिली सरकारी वकिलायनं, हळूच, कोणी पाहिलं तर नाही ना असं पाहून.

मी उठलो. दारापाशी विचारलं, "मॅडम, मी हे बाहेर सांगू शकतो का? त्या मावशीले?"

त्यायनं चष्मा पुसला. लय वेळ पुसला. "टेपवर जे आहे, ते माझा आदेश होईपर्यंत सांगायचं नाही. जे सीलमध्ये नव्हतंच, त्याच्यावर माझा आदेश चालत नाही."

आदेश आला. टेप अर्जदार बाईले द्यावी. धरण उरलं नाही, त्यामुळं सुरक्षेचा प्रश्न नाही, अन् गुप्तता ही सुरक्षेसाठी असते, कोणाची चूक झाकायले नसते, असं काहीसं त्यात लिहिलं होतं. माह्याबद्दल एक अक्षर नाही. पप्या त्या खोलीत आलाच नव्हता जणू. मले त्याचं वाईट नाही वाटलं. मॅडमनं तरी काय लिहावं?

टेप आम्ही मावशीच्या घरी अकोल्याले ऐकली. सकाळची फुलं आली होती, घरभर मोगरा अन् शेवंती. मावशी, तिचा मुलगा, वकील, बंटी अन् मी. वकिलायनं लॅपटॉप उघडला.

"अल्लो... अल्लो सायब..."

बंटीनं माह्याकडं पाहिलं. माझं तोंड बंद होतं. दोन्ही ओठ दाताखाली धरले होते मी. माह्याच तोंडातला आवाज तिकडून, पेटीतून येऊन राहिला होता. समोरचा सायबही ऐकू आला, पहिल्यांदा. लेखी आदेशाशिवाय दरवाजा उघडायचा नाही, खाली उद्घाटनाचा मांडव टाकला आहे. टेपमध्ये कापडाचा खसखस आवाज आला, खिसा चाचपल्याचा... अन् माझा डावा हात छातीवर गेलेला होता. मी टी-शर्ट घातला होता. त्याले खिसाच नव्हता.

"पोट्टे, जाय बरं, तंबाखू सरला." दूर कुठंतरी एका लहान पोरीचा आवाज, "हाव बाबा." मग खरखर. शेवटपर्यंत खरखर.

मावशीचा मुलगा रडून राहिला होता. वकील म्हणाले, "झालं ताई. झोपले नव्हते ते. प्यालेही नव्हते. आता सरकारले लिहून द्यावं लागन."

मावशी गजरा ओवून राहिली होती. सुई थांबली नव्हती. "'हाव बाबा' म्हनली मी," ती म्हणे. "अन् मंग उशीर केला." मग माह्याकडं पाहून, "पुढं काय म्हनला तो? तुले माहीत हाय. तुह्या तोंडावर दिसते."

आबाजी यावा म्हणून मी वाट पाहिली. पाय गार पडतात का पाहिलं. काही नाही. मग माह्याच आवाजात सांगितलं, जसं आठवलं तसं. ज्या आवाजात मी आजवर कोणतीच खरी गोष्ट सांगितली नव्हती त्या आवाजात.

"खिशातच होता?" मावशी म्हणे.

"हाव मावशी."

"थांबू द्या म्हनला?"

"हाव. तुमी थांबावं म्हनूनच धाडलं."

"लबाड बुढा," ती म्हणे. सुई थांबली. "माह्याशी कधी खोटं बोलला नव्हता. एकडावच बोलला... अन् मी एवढी वर्षं..." मग तोंडाले पदर लावून ती उठली अन् मोरीवर गेली. नळ लय वेळ चालू होता.

आता तुम्ही विचारसान, याचा अर्थ काय? मले माहीत नाही. आमच्या खानदानात कोणी त्या खात्यात नव्हतं. आईनं ते धरण कधी पाहिलं नाही. थैली मी जन्मायच्या आधीपासून सरकारी कपाटात बंद होती. बंटी म्हणते, "आवाज कोंडला का फट पाहून निघते, वाफेसारखा. तू फट निघाला." फट! माही काय इज्जत आहे पहा. पण मी तं आठवीतला पोट्टा होतो. मलेच काहून पाहिलं त्यानं?

आबाजी त्या दिवसापासून आला नाही. बाकीचे आवाज आहेत, धंदा चालू आहे, हडळी नेमानं रडतात.

फक्त एक गोष्ट. मावशीचा कधीकधी फोन येते. मी उचलतो, "हॅलो" म्हणतो. तिकून थोडा वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग, "काही नाही बेटा. असाच केला." अन् ठेवते.

ती कशाची वाट पाहते ते मले माहीत आहे. तिचं नाव स्क्रीनवर आलं का माझा हात लवकर उठत नाही. वाटते, आता तोंड उघडलं अन् 'अल्लो' निघालं तं?

परवा पुन्हा वाजला. उन्हात उभा होतो, राजकमल चौकात, पायात बूट. उचलायच्या आधी मी वाकून घोट्याले हात लावून पाहिला.